‘ती मुळात गोरीच होती’ : निको रॉबिनच्या रंगाबद्दल फिरणाऱ्या उत्तराला उत्तर

‘वन पीस’ या जपानी चित्रकथेतल्या निको रॉबिनच्या रंगाचा विषय निघाला की एक तयार उत्तर लगेच पुढे केलं जातं. ते साधारण असं असतं : रॉबिन मुळात गोरीच. मांगात, म्हणजे छापील चित्रकथेत, तिची त्वचा कोरी आहे, रंगीत पानांवर उजळ आहे. लेखक एइचिरो ओदाने स्वतः तिला रशियन म्हटलंय. अ‍ॅनिमेवाल्यांनी, म्हणजे त्यावरची टीव्ही मालिका बनवणाऱ्यांनी, सुरुवातीला चुकून तिला सावळं रंगवलं आणि २०११ मध्ये ती चूक सुधारली. जपानमध्ये कातडीच्या रंगाचा असला प्रश्नच नसतो, तो अमेरिकनांनी तिथे नेऊन चिकटवलाय. शिवाय नेटफ्लिक्सवरच्या मालिकेतल्या राजकन्येचं, सावळ्या व्हिवीचं, तुम्हीच स्वागत करता, म्हणजे तुमचं बोलणं दुटप्पी. आणि शेवटी ती एक काल्पनिक बाई आहे, इतकं मनाला लावून घेण्यासारखं त्यात काय आहे?

हे उत्तर मी मराठीतही आता इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा क्रमसुद्धा पाठ झाला. ते पटतं, कारण त्यातल्या बऱ्याच वाक्यांत थोडं थोडं खरं आहे. म्हणूनच ते एकगठ्ठा न स्वीकारता वाक्य न् वाक्य सुटं करून बघायला हवं.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. ‘वन पीस’ हा मांगा जुलै १९९७ पासून ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात चालू आहे. तोएई अ‍ॅनिमेशनने त्यावरची टीव्ही मालिका ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू केली. रॉबिन त्या मालिकेत आली २००१ मध्ये, आधी शत्रूच्या गोटातली ‘मिस ऑल संडे’ म्हणून. अलाबास्ता या वाळवंटी राज्याची कथा संपल्यावर ती कथानायक लुफीच्या जहाजावर चढली आणि तिथलीच झाली. पेशाने पुरातत्त्वज्ञ. जगाने बंदी घातलेले प्राचीन शिलालेख तिला वाचता येतात. याच विद्येपायी तिचं ओहारा हे बेट सरकारने बेचिराख केलं आणि आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ७ कोटी ९० लाख बेरींचं (बेरी हे त्या जगातलं चलन) इनाम लावलं. पुढची वीस वर्षं ती पळत राहिली. ‘मला जगायचंय’ असं ती एनिएस लॉबी या सरकारी बेटावर रडत ओरडते, तेव्हा माझ्या ओळखीतली भलीभली दगडी माणसंसुद्धा रडली आहेत.

टीव्हीवरची ही रॉबिन सावळी होती. काळेभोर केस, सरळ नाक आणि उन्हात रापल्यासारखी तपकिरी त्वचा. मग कथेत दोन वर्षांची उडी आली. ऑक्टोबर २०११ मध्ये ५१७ वा भाग लागला आणि परत आलेली रॉबिन गोरी होती. त्याच उडीत जहाजावरच्या तिच्या सोबत्यांपैकी झोरोच्या डोळ्यावर व्रण आला, नामीचे केस लांब झाले, फ्रँकीचं अख्खं शरीर बदललं. पण ते सगळं मांगातही बदललं होतं. रॉबिनची त्वचा मात्र फक्त पडद्यावर बदलली. कथेत त्याचं कारण नाही, एखाद्या पात्राला त्याचं नवल वाटलेलं नाही. आदल्या भागापर्यंत एक रंग, पुढच्या भागापासून दुसरा.

‘मांगात ती गोरीच आहे’

यातला खरा भाग आधी मान्य करते. ओदाच्या रंगीत पानांवर रॉबिन बहुतांशी उजळच दिसते. ओदाने तिला सावळी कल्पिली होती आणि स्टुडिओने ती पुसली, असं जे काही जण रागाच्या भरात लिहितात, त्याला आधार नाही. ते आपण बोलणं थांबवलं पाहिजे. आपली बाजू त्याने कमकुवत होते.

पण ‘मांगात तिची त्वचा कोरी आहे, म्हणून ती गोरी’ हे वेगळं विधान आहे, आणि ते टिकत नाही. साप्ताहिक मांगा काळ्या शाईत छापला जातो. कागद जिथे कोरा सोडला तिथे चेहरा, तिथेच आकाश, तिथेच शर्ट. करडी छटा हवी असेल तर चित्रकार ठिपक्यांचा स्क्रीनटोन चिकटवतो किंवा रेघा मारतो, आणि आठवड्याला एकोणीस-वीस पानं पुरी करणाऱ्या माणसाला प्रत्येक चौकटीत प्रत्येक चेहऱ्याला टोन लावणं हे भलतं वाढीव काम असतं. काही जण ते करतात. ‘ब्लीच’ या दुसऱ्या मांगाच्या तिते कुबोने त्यातल्या योरुइचीची त्वचा टोन लावून सावळी दाखवली. म्हणजे टोन असला तर चित्रकाराचा हेतू कळतो. नसला तर फारसं काही कळत नाही. याचा दाखला ‘वन पीस’मध्येच आहे : लुफीच्याच जहाजावरच्या उसोपच्या चेहऱ्यालाही टोन नाही, आणि त्याला ओदाने कुठला म्हटलंय ते पुढे येतंच आहे.

‘ओदाने तिला रशियन म्हटलंय’

म्हटलंय, आणि ते नीट वाचण्यासारखं आहे. ‘वन पीस’च्या प्रत्येक खंडात वाचकांच्या प्रश्नांचं एक सदर असतं. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या ५६ व्या खंडात एका वाचकाने विचारलं की ही मंडळी खऱ्या जगात असती तर कुठल्या देशाची असती. ओदाने भराभर उत्तरं दिली : लुफी ब्राझीलचा, झोरो जपानचा, नामी स्वीडनची, सांजी फ्रान्सचा, चॉपर कॅनडाचा, फ्रँकी अमेरिकेचा, ब्रूक ऑस्ट्रियाचा. रॉबिन रशियाची. आणि उसोप आफ्रिकेचा.

हे उत्तर रॉबिनच्या त्वचेचा पुरावा म्हणून दाखवणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. तोच नियम उसोपला लावणार का? त्याच यादीतल्या त्याच वाक्याने उसोप काळा ठरायला हवा. ब्राझीलचा लुफी कुठल्या रंगाचा ठरतो तेही सांगा. पण असं कुणी म्हणत नाही. यादीतलं एकच नाव पुराव्यासारखं वापरायचं आणि बाकी आठ गंमत म्हणून सोडून द्यायची, हे चालणार नाही. ओदा त्या सदरात नेहमी खेळकर असतो. इथेही तो पात्रांच्या स्वभावाचा वास सांगतोय : थंड, अबोल, बर्फातून आल्यासारखी बाई, म्हणून रशिया. चॉपर रेनडियर आहे, म्हणून कॅनडा.

शिवाय ‘रशियन’ म्हणजे गोरी हे कुणी ठरवलं? रशियात दीडशेहून जास्त लोकसमूह राहतात. बुर्यात आहेत, तुवाचे लोक आहेत, याकूत आहेत, दागेस्तानची डोंगरी माणसं आहेत. देशाचं नाव ऐकून डोळ्यांपुढे एकच चेहरा येत असेल तर ती आपल्या डोळ्यांची सवय आहे.

आणखी एक बाब, जी या दाव्यात नेहमी गाळली जाते. ते उत्तर आलं २००९ च्या शेवटी. तोवर सावळी रॉबिन टीव्हीवर आठ वर्षं वावरत होती. तेव्हा ‘लेखकाने आधीच सांगितलं होतं, स्टुडिओने ऐकलं नाही’ असा जो क्रम लोक सांगतात, तो उलटा आहे.

‘ती चूक होती, २०११ मध्ये दुरुस्त केली’

या मुद्द्यावर मी थोडी थांबणार आहे, कारण अ‍ॅनिमेत रंग कसा ठरतो हे माहीत नसल्यामुळेच ‘चूक’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो.

टीव्ही अ‍ॅनिमेमध्ये रंगरचना हे स्वतंत्र काम आहे आणि त्याचा स्वतंत्र श्रेयनामावलीतला मानकरी असतो. प्रत्येक पात्राचा एक रंगतक्ता बनतो. त्वचेचा मूळ रंग, सावलीतला रंग, उजेडाचा ठिपका, केस, बुबुळं, कपडे, प्रत्येकाची जागा ठरलेली. तेच पात्र रात्री, संध्याकाळी, पाण्याखाली, आगीच्या उजेडात कसं दिसेल याचे वेगळे तक्ते निघतात. मग दिग्दर्शक बघतो, होकार देतो, आणि रंग भरणारे शेकडो जण तो तक्ता समोर ठेवून काम करतात. एखाद्या फ्रेममध्ये नामीच्या बाहीचा रंग चुकला तर ती चूक. पण ज्या पात्राची त्वचा २००१ पासून २०११ पर्यंत, साधारण साडेचारशे भागांच्या पल्ल्यात आणि वर चित्रपटांत त्याच तपकिरी रंगात भरली गेली, तो निर्णय होता. तो टोकियोच्या नेरिमा भागातल्या स्टुडिओने घेतला आणि दहा वर्षं पाळला.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या दाव्यात ‘सावळी रॉबिन’ ही परदेशी चाहत्यांची हौस असल्यासारखं बोललं जातं. सावळी रॉबिन जपानी लोकांनीच रंगवली. जपानी मुलांनीच रविवारी टीव्हीवर आधी बघितली.

आणि तो निर्णय चांगला होता असं माझं मत आहे. अ‍ॅनिमेमध्ये एका फ्रेममध्ये पाच-सात माणसं उभी असतात आणि प्रेक्षकाला क्षणात ओळख पटावी लागते. नारिंगी केसांची गोरी नामी आणि काळ्या केसांची सावळी रॉबिन शेजारी उभ्या राहिल्या की दोन बायकांची दोन जगं दिसायची. रंग बदलल्यावर रॉबिन आणि मालिकेतलीच दुसरी बाई बोआ हॅनकॉक यांना एका फ्रेममध्ये कल्पून बघा. दोघींचे लांब काळे केस, सरळ नाक, उजळ त्वचा. कपाळावरचे केस आणि कानातले झुमके बघून ओळखायचं. ज्यांना त्वचेच्या रंगाचं राजकारण अजिबात नको आहे त्यांनी निदान चित्रकलेच्या बाजूने तरी मान्य करावं की इथे काहीतरी हातचं गेलं.

बदल कशासाठी झाला असावा? ओदाच्या रंगीत पानांशी जुळवून घेण्यासाठी, असं बहुतेक चाहते मानतात, आणि मलाही तेच संभवनीय वाटतं. त्यात कुणी कपटी माणूस बसून ‘हिला गोरी करा’ म्हणाला, असं मी म्हणणार नाही. पण ‘मूळ’ म्हणजे फक्त लेखकाच्या टेबलावरचा कागद, हे मला मान्य नाही. मालिका जगभर टीव्हीवरून पोचली. मांगा हातात पडण्याआधी लाखो मुलांनी रॉबिनला हलताना, बोलताना, रडताना पाहिलं ते त्या तपकिरी रंगात. एनिएस लॉबीला ‘मला जगायचंय’ म्हणणारी टीव्हीवरची बाई सावळी होती. त्यांच्यासाठी मूळ ते.

‘जपानमध्ये रंगाचा प्रश्नच नाही’

या दाव्याने मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो जपानचा मान राखल्यासारखा दिसतो आणि जपानबद्दल काहीच जाणत नाही.

जपानी भाषेत एक जुनी म्हण आहे : ‘इरो नो शिरोइ वा शिचिनान काकुसु.’ अर्थ असा की गोरेपण सात दोष झाकतं. ही म्हण अमेरिकेतून आलेली नाही. चेहऱ्याला पांढरी भुकटी थापण्याची रीत तिथे शेकडो वर्षांची. एदो काळात त्या भुकटीत शिसं असायचं आणि ते रोज अंगाला फासणाऱ्या कलावंतांची शरीरं त्याने पोखरली. कुठलाही गोरा साहेब येऊन शिकवण्याच्या कितीतरी आधी तिथे बाईचा रंग हा बाईचा गुण होता.

आजचा शब्द आहे ‘बिहाकु’, म्हणजे सुंदर गोरेपण. तिथल्या दुकानांत या शब्दाखाली क्रीमं, लोशन, पावडरी यांचा प्रचंड बाजार उभा आहे. जुलै २०१३ मध्ये कानेबो या मोठ्या कंपनीला आपली अशी उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली. रोडोडेनॉल नावाच्या घटकामुळे हजारो बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे पडले होते. गोरं होण्यासाठी घेतलेल्या डबीने त्वचेचा रंगच कायमचा गेला, अशा बायका त्यात होत्या. कानेबोची मालक कंपनी काओ हिने २०२१ मध्ये जाहीर केलं की आपल्या उत्पादनांवर ‘बिहाकु’ हा शब्द यापुढे वापरायचा नाही. ज्या देशात प्रश्नच नाही, त्या देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीने डबीवरचा शब्द कशासाठी काढला?

आता नाओमी ओसाका. आई जपानी, वडील हैतीचे, २०१८ ची अमेरिकन ओपन विजेती. जानेवारी २०१९ मध्ये तिच्या प्रायोजक निस्सिन कंपनीने कप नूडल्सची जाहिरात काढली. मांगा शैलीतली, टेनिसवरच्या एका गाजलेल्या मांगाच्या चित्रकाराकडून करून घेतलेली. त्यात ओसाकाची त्वचा फिकट होती आणि केस हलके. लोक भडकले, कंपनीने माफी मागून जाहिरात काढून घेतली. ओसाका त्या वेळी मेलबर्नला खेळत होती. ती जे म्हणाली त्याचा आशय असा : मी सावळी आहे हे उघड दिसतं, त्यांनी मुद्दाम मला गोरी केली असं मला वाटत नाही, पण पुढच्या वेळी माझं चित्र काढताना माझ्याशी बोलावं.

मला हे सगळं प्रकरण रॉबिनच्या वादाशेजारी ठेवावंसं वाटतं. हेतू वाईट नव्हता हे ओसाकानेही मान्य केलं. तरीही रंग हलका झाला. कुणी ठरवून केलं नाही तरी पेन त्याच बाजूला झुकतं. ओसाका जिवंत आहे, ती बोलू शकली. रॉबिनच्या वतीने तिला पाहत वाढलेल्यांनीच बोलायचं असतं.

जपानचं दुसरं चित्रही आहे, ते लपवणं बरोबर होणार नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी टोकियोच्या शिबुयात मुली मुद्दाम टॅनिंग करून अंग तपकिरी करत होत्या, केस रंगवत होत्या, आणि आईबापांच्या पिढीला जे आवडतं त्याच्या बरोबर उलट दिसायचा प्रयत्न करत होत्या. त्याला ‘गांगुरो’ म्हणत. रॉबिन पडद्यावर आली ती त्याच काळाच्या अखेरीला. त्या हवेचा तिच्या रंगतक्त्याशी संबंध होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण तपकिरी त्वचेची, थंड डोक्याची, देखणी बाई जपानी प्रेक्षकाला परकी वाटली नव्हती एवढं नक्की. म्हणून जपानमध्ये प्रश्न नाही असं म्हणू नका. तिथे हा झगडा आहे, जुना आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना जपानी माणसं आहेत.

‘हे सगळे मांगा न वाचणारे लोक आहेत’

मी वाचते. आणि नसते वाचत तरी माझे डोळे माझेच असते. पुढे जाऊ.

एक कबुली, आपल्या बाजूच्या लोकांसाठी

दोन चित्रं शेजारी ठेवून ‘बघा किती फरक’ म्हणणारे जे तुकडे फिरतात, त्यांतले बरेच फसवे आहेत. एका बाजूला संध्याकाळच्या तक्त्यातली, सावलीत उभी असलेली जुनी रॉबिन. दुसऱ्या बाजूला भर उन्हातली नवी. कुठे फोनवर रंग आणखी गडद केलेले. वर सांगितलं तसं, एकाच पात्राचे वेळेनुसार वेगळे तक्ते असतात, त्यामुळे अशा जोड्या काहीच सिद्ध करत नाहीत. फरक दाखवायचाच तर दुपारच्या उजेडातली, एकाच प्रकारच्या प्रसंगातली चित्रं घ्या. तो तेवढ्यानेही स्वच्छ दिसतो. खोटी मदत घेतली की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं.

‘मग व्हिवीच्या वेळी तुम्ही गप्प का? हा दुटप्पीपणा’

हा दावा नवा आहे आणि त्यातला प्रश्न रास्त आहे. नेटफ्लिक्सवर ‘वन पीस’ खऱ्या नटांना घेऊन आली २०२३ मध्ये. दुसऱ्या पर्वात अलाबास्ताची राजकन्या व्हिवी म्हणून चरित्रा चंद्रन हिला घेतलं. तमिळ आई-वडिलांची, ब्रिटनमध्ये वाढलेली अभिनेत्री. तिच्या बापाच्या, म्हणजे राजा कोब्राच्या भूमिकेत सेंधिल राममूर्ती. आणि मिस ऑल संडेच्या, म्हणजे रॉबिनच्या भूमिकेत मूळची रशियन असलेली लेरा अबोवा. मग दोन्हीकडून आरडाओरडा झाला. काहींनी व्हिवी गोरी असताना ही सावळी कशी म्हणून चरित्राला नको ते बोल लावले. काहींनी रॉबिन सावळी असताना ही गोरी कशी म्हणून लेराला धरलं.

ओदाच्या रंगीत पानांचा नियम लावला तर व्हिवी गोरी आहे, हे मी नाकारणार नाही. तरीही मला चरित्रा व्हिवी म्हणून आवडते. नेफेर्तारी हे आडनाव, वाळूतली नगरं, रखरखीत ऊन, पाण्यासाठी पेटलेलं बंड, अशा राज्याची मुलगी सावळी असण्यात कथेला काही बाधा येत नाही. मग हेच औदार्य मला लेराच्या बाबतीतही दाखवायला हवं, आणि मी दाखवते. नवा पडदा, नवी माणसं, त्यांना आपापलं शरीर आहे. नटीने केस रंगवावेत, तलवार शिकावी, संवाद पाठ करावेत. त्वचा बदलून यावी अशी मागणी कुणाकडेही करता येत नाही, आणि त्या दोघींना बोल लावणारे दोन्ही बाजूंचे लोक माझ्या बाजूचे नाहीत.

पण या दोन गोष्टी एकच नाहीत. नव्या माध्यमात नवी व्यक्ती येते तेव्हा कुणाचं काही पुसलं जात नाही. अ‍ॅनिमेत मात्र तीच मालिका, तेच पात्र, तोच आवाज होता. युरिको यामागुचीने रॉबिनला आवाज दिला तो आधीही आणि नंतरही. फक्त त्वचा बदलली. तुमच्या ओळखीची बाई दोन वर्षांनी परत आली आणि सगळे तिच्याशी असे बोलताहेत की ती पहिल्यापासून अशीच दिसायची. त्या खटकण्याला दुटप्पीपणा म्हणता येणार नाही.

‘काल्पनिक बाई आहे, व्हिवीचे केस निळे आहेत, तेव्हा नाही वाटलं काही?’

निळ्या केसांमुळे जगात कुणाचं लग्न मोडलेलं नाही. त्वचेच्या रंगामुळे मोडतं.

आपल्याकडे मुलीच्या रंगासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे तिच्या हुशारीसाठी नाहीत. गोरीपान, गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. स्थळांच्या जाहिरातींत ही शिडी वरून खाली वाचली जायची, आणि निमगोरी हा शब्द तर मुलीला एक पायरी वर ढकलण्यासाठीच वापरला जायचा. १९७५ पासून आपल्या घराघरांत असलेल्या गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द २०२० मध्ये निघाला. नाव बदललं. शिडी तिथेच आहे.

माझी धाकटी मावसबहीण सांगलीची. रंगाने जुन्या रॉबिनसारखी, उंचीने तशीच, इतिहास घेऊन शिकणारी. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराला तिच्या भावाने एका हार्ड डिस्कवर मालिका आणली आणि तिला पहिल्यांदा असं पात्र भेटलं जे तिच्यासारखं दिसायचं, पुस्तकांत बुडालेलं असायचं आणि ज्याला कुणी ‘रंग जरा उजळला तर छान दिसेल’ असं म्हणत नव्हतं. पुढे नोकरीला लागल्यावर तिने एका कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून जायच्या, कार्यक्रमासाठी रॉबिनचा पोशाख शिवून घेतला. जांभळा कोट, टोपी, सगळं. तिथे स्टेजमागे एका ओळख नसलेल्या स्वयंसेवकाने तिला मदत म्हणून सांगितलं, ‘ताई, रॉबिन करताय ना? मग फाउंडेशन दोन शेड उजळ लावा, आता ती गोरी आहे.’ तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्यासाठी रॉबिन गोरीच होती, त्याने मालिका नंतर बघायला घेतली असणार. तिने काही न बोलता टोपी नीट केली आणि आहे त्या चेहऱ्याने स्टेजवर गेली. पण घरी आल्यावर मला फोन करून म्हणाली, ‘अगं, मी रॉबिनसारखी दिसत होते. आता मला रॉबिनसारखं दिसायला लागतं.’

हा फरक ज्याला कळत नाही त्याला मी पात्र काल्पनिक आहे की खरं यावर समजावू शकत नाही.

‘मग तुम्हाला हवंय तरी काय? इतक्या वर्षांपूर्वीचं आता कसं बदलणार?’

जुने भाग पुन्हा रंगवा असं मी म्हणत नाही. नंतरचेही नको. जे झालं ते तसंच राहू द्या, दोन्ही रॉबिन दिसू द्या.

पण एक संधी समोर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं की विट स्टुडिओ ‘वन पीस’ची कथा पुन्हा पहिल्यापासून, नव्या अ‍ॅनिमेच्या रूपात नेटफ्लिक्ससाठी बनवणार आहे. सुरुवात लुफीच्या पहिल्या समुद्रापासून होणार. म्हणजे कथा पुढे सरकत गेली तर अलाबास्ताही येईल, आणि एक दिवस त्या स्टुडिओतल्या रंगरचनाकाराच्या पुढ्यात निको रॉबिनचा कोरा तक्ता असेल. केस, बुबुळं, कोट, टोपी यांच्या जागा ठरलेल्या. त्वचेची जागा रिकामी. ओदाची रंगीत पानं एका बाजूला असतील, २००१ ची रॉबिन दुसऱ्या बाजूला. दोन्ही जपानीच, दोन्ही तिच्याच. माझं मत मी इथे देऊन ठेवते : ती तपकिरी असावी, शेवटपर्यंत असावी, आणि दोन वर्षांची उडी आली तरी तीच असावी.

बहिणीचा तो जांभळा कोट अजून तिच्या कपाटात आहे. अलाबास्ताचा पहिला भाग आम्ही दोघी एकत्र बघायचा ठरवलाय.